शेवटच्या दिवसाचं शेवटचं सत्र

धोरण-संशोधकांच्या वार्षिक संमेलनांचा विषय निघाला की आधी आठवतो तो हॉटेलातला गालिचा घातलेला लांबलचक बोळ. गळ्यात बिल्ले अडकवलेली माणसं एका हातात कॉफी सांभाळत आपली खोली शोधतायत, दारादारावर सत्रांचे कागद चिकटवलेत. सत्र नव्वद मिनिटांचं. चार निबंधांना पंधरा-पंधरा मिनिटं, मग त्या चारही निबंधांवर बोलणारा भाष्यकार, उरेल तो वेळ प्रश्नांना. पहिल्याच वक्त्याने वीस मिनिटं खाल्ली की प्रश्नांवर पाणी.

अमेरिकेत ‘ॲपम’ ही धोरण विश्लेषण आणि व्यवस्थापनाची संघटना 1979 मध्ये उभी राहिली. तिथल्या संशोधकांच्या मेळाव्यात तिथल्याच योजनांची चर्चा व्हायची, हे साहजिकच. पुढे अशा संमेलनांत बाहेरचे निबंध येऊ लागले, तेव्हा एक सोपी वाट हमखास निघायची: सगळ्यांची मोट बांधून ‘आंतरराष्ट्रीय’ नावाचं एकच सत्र, तेही शेवटच्या दुपारी. लोक बॅगा ओढत विमानतळाकडे निघालेले, आणि आत चिलीची पेन्शन, घानाचं पाणी, व्हिएतनामच्या शाळा. भाष्यकार बिचारा बोलणार तरी काय!

खरी गंमत यायची ती निबंध विषयाप्रमाणे वाटले की. मेक्सिकोत 1997 मध्ये ‘प्रोग्रेसा’ सुरू झाली: मुलांची शाळेत हजेरी आणि दवाखान्यात तपासणी झाली, तर आईच्या हाती पैसे. हीच कल्पना न्यूयॉर्क शहराने 2007 मध्ये प्रयोग म्हणून उचलली. हे दोन निबंध गरिबीच्या एकाच सत्रात शेजारी ठेवले, की खोली भरते आणि प्रश्न वेळ संपल्यावर बोळात चालू राहतात.

मात्र निबंध निवडला म्हणजे माणूस पोहोचला असं नाही. व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच कित्येकदा महिन्यांनी मिळते, म्हणून निमंत्रणपत्र निकालाबरोबरच जायला हवं, त्यावरचं नाव पासपोर्टातल्यासारखं अक्षरन्‌अक्षर. संमेलनाचं शुल्क देशाच्या उत्पन्नगटानुसार ठेवणं चांगलंच. पण मोठा खर्च तिकिटाचा आणि खोलीचा. ‘आधी खर्च करा, मग बिलं पाठवा’ ही मदत ज्याच्या खिशात आधीच पैसे आहेत त्यालाच उपयोगी.

ऑनलाइन सत्रांची वेगळीच तऱ्हा. हिवाळ्यात वॉशिंग्टनमध्ये सकाळचे साडेआठ, तेव्हा नैरोबीत दुपारचे साडेचार आणि मनिलात रात्रीचे साडेनऊ. त्यात अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे जातात. ऑक्टोबरच्या हिशेबाने बसलेला मनिलाचा वक्ता तासभर आधी येऊन रिकाम्या पडद्याकडे बघत राहतो. वेळापत्रकात जागतिक प्रमाणवेळ छापली की हा घोळ टळतो.

आंतरराष्ट्रीय सार्वजनिक धोरण परिषदेने तर गावच बदलत ठेवलं. 2013 मध्ये ग्रेनोबल, मग मिलान, सिंगापूर, माँट्रियल. 2025 मध्ये थायलंडचं चियांग माई. जागा बदलली की व्हिसाच्या रांगेतली माणसंही बदलतात. एरवी सहज येणाऱ्यांना तेव्हा कळतं, आमंत्रण हातात असूनही दाराबाहेर थांबणं म्हणजे काय.