अँबॅसिडरची नोंद: हँडल, टॅपेट आणि चार नंबरचा व्हॉल्व्ह

या रविवारी गाडी चालवली नाही, नुसतं इंजिन फिरवलं. हाताने, डिकीत पडून असलेल्या हँडलने.

आमची मार्क 3, 1977 ची. बॉनेटखाली तेच मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातलं 1489 सीसीचं बीएमसी इंजिन. गेले दोन महिने आयडलला एक ठोका चुकत होता. प्लग बदलले, पॉइंट बदलले, कार्ब्युरेटर दोनदा उघडून धुतला. काही उपयोग नाही. गंमत म्हणजे टॅपेटचा (व्हॉल्व्हच्या वरच्या गॅपमुळे होणारा टकटक) आवाज फारसा नव्हता, आणि मी त्यावर खूश होतो!

शेवटी सगळे प्लग जागेवर ठेवले, इग्निशन बंद केलं, कॉइलची वायर काढली, गिअर न्यूट्रलला आणला आणि पुतण्याच्या हाती हँडल दिलं. आधी वडिलांचा नियम सांगितला: अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही, आणि हँडल वर ओढायचं, खाली दाबायचं नाही. इंजिन उलटं मारलं तर मनगट जातं.

चार सिलिंडर, म्हणजे दर अर्ध्या फेरीला एक कॉम्प्रेशन. तीन वेळा हँडल हाताला अडलं. चौथ्या वेळी पोकळ गेलं. "काका, इथे काहीच लागत नाही," पुतण्या म्हणाला. दोन महिन्यांचं निदान त्या पोराने दोन फेऱ्यांत केलं. मग एक नंबरचा प्लग काढून मी भोकावर अंगठा धरला. पोकळ जागा एकच्या दाबाच्या बरोबर आधी येत होती. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर.

आता चारही प्लग काढून टॅपेट कव्हर उघडलं. प्लग काढले की हँडल दोन बोटांनी फिरतं. (हँडल नसलेल्यांनी टॉप गिअर टाकून गाडी इंच-इंच ढकलावी, पण कडेला नजर ठेवायला दुसरा माणूस हवा.) आठ व्हॉल्व्हचा हिशेब नऊचा: आठवा पूर्ण उघडला की पहिला सेट करायचा, पाचवा उघडला की चौथा, सहावा उघडला की तिसरा. बेरीज नऊ आली पाहिजे. समोरून रांग अशी लागते: एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट, आणि पुन्हा तीच.

व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातल्या गॅपचं माझं माप 0.015 इंच, गॅरेजच्या भाषेत पंधरा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). बाकीचे सात तेरा ते सतरामध्ये होते. चार नंबरला, म्हणजे दोन नंबर सिलिंडरच्या एक्झॉस्टला, चार थाउची मापाची पातही शिरेना. व्हॉल्व्ह नीट बसतच नव्हता, दाब तिथूनच पळत होता. नेमका हाच का? या हेडमध्ये दोन आणि तीन नंबरचा एक्झॉस्ट पोर्ट एकच आहे, त्यामुळे मधला भाग जास्त तापतो. त्यात जुन्या ओतीव लोखंडी हेडला वेगळ्या कडक सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडा) नाहीत. देशभर शिसं असलेलं पेट्रोल 2000 साली बंद झालं, आणि सीटला मिळणारं ते संरक्षण गेलं. सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, गॅप मिटतो. म्हणजे माझा शांत टॅपेट हा आजार होता.

सहा नंबरने मात्र वेळ खाल्ला. पात पंधराची, घट्ट, तरी रॉकर हाताने हलवला की टकटक. रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हच्या देठाने खड्डा पाडलाय; पात खड्ड्यावरून पुलासारखी जाते आणि खरा गॅप जास्त राहतो. रॉकर घासून गुळगुळीत केल्याशिवाय त्या मापाला अर्थ नाही. सध्या तसाच ठेवलाय.

मग डेल्को, म्हणजे प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर. त्यातल्या पॉइंटचा गॅप आधी, कारण तो हलला की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, हलते. पुलीवरची खाच इंजिनच्या एका पूर्ण चक्रात, म्हणजे दोन फेऱ्यांत, दोनदा सुईसमोर येते, एकदा एक नंबरसाठी आणि एकदा चार नंबरसाठी. चार नंबर सिलिंडरचे दोन्ही रॉकर खाली-वर डुलत असतील तर एक नंबर पेटायला तयार. गेल्या वर्षी हेच न बघता मी तारा लावल्या होत्या आणि गाडीने कार्ब्युरेटरमधून फटाका वाजवला होता.

कॉइलची पातळ वायर परत जोडली, जाडी वायर बॉडीला टेकवली. बारा व्होल्टचा बल्ब डेल्कोच्या पातळ वायरपासून बॉडीला. इग्निशन चालू, पॉइंट उघडले की बल्ब पेटतो. पुतण्याला म्हटलं, सावकाश. तो टायमिंगच्या पाच अंशांच्या खुणेपुढे गेला आणि इंजिन मागे घेऊ लागला. नाही! चेनमध्ये आणि डेल्कोच्या ड्राइव्हमध्ये ढील असते. चांगलं पाव फेरी मागे जायचं आणि पुन्हा पुढून यायचं. चौथ्या प्रयत्नात खूण सुईसमोर येताच बल्ब लागला, तिथेच क्लॅम्प आवळला.

प्लग लावले. मग पुन्हा हँडल: चारही ठिकाणी अडलं, दोन नंबर थोडा मऊ. पहिल्याच झटक्याला सुरू झाली. सायलेन्सरपाशी हात धरला, ठोके सलग. चार नंबरचा गॅप दर पाचशे किलोमीटरला वहीत टिपणार आहे. पुन्हा मिटला तर हेड उतरवायचं.