अंतर दुप्पट, उजेड पाव

आज लेकीच्या प्रोजेक्टसाठी खोलीत अंधार केला, एक छोटा बल्ब लावला आणि मोबाईलच्या लाइट सेन्सरने लक्स (उजेड मोजायचं एकक) मोजत बसलो. अंतर दुप्पट केलं की आकडा निम्मा नाही, थेट पाव! तिप्पट केलं की नववा हिस्सा. तेवढाच प्रकाश चौपट, नऊपट जागेवर पसरतो ना. पण लांब गेल्यावर आकडे नियमापेक्षा जास्त यायला लागले, कारण पांढऱ्या भिंती उजेड परत फेकत होत्या. (भिंतींवर काळं कापड लावायची परवानगी घरात मिळाली नाही.) लांब ट्यूबलाइटच्या अगदी जवळ मात्र हा अंतराच्या वर्गाचा नियम (दुप्पटला पाव, तिप्पटला नववा हिस्सा) चालत नाही, तिथे दुप्पट अंतराला उजेड साधारण निम्मा. गुरू सूर्यापासून आपल्या ५.२ पट लांब, म्हणजे तिथलं ऊन जेमतेम २७वा हिस्सा. हे तिने सेन्सरशिवाय, वहीतच काढलं.