नसलेला म्हातारा

ऑक्टोबरात न्यू हॅम्पशायरच्या डोंगरांत गाडीतल्या कामांची वाटणी ठरलेली असते. चालवणाऱ्याने रस्ता बघायचा, बाकीच्यांनी ओरडायचं. "तो लाल बघ, तो लाल!" मी मान वळवेपर्यंत लाल मागे पडलेला. या वेळी ओरडणारे बाबा होते आणि चालवणारी मी.

कॉनवेहून लिंकनकडे निघालो होतो. या रस्त्याला कँकामॉगस हायवे म्हणतात. बाबांनी पहिल्याच मैलात त्याचं 'कंकमागस' करून टाकलं आणि खरं सांगायचं तर तेच जास्त शोभतं. जवळजवळ 34 मैल नुसतं जंगल, मध्ये पेट्रोल पंपसुद्धा नाही. मेपल पेटल्यासारखे, बर्च पिवळेधमक. पिवळा म्हणे पानात आधीपासूनच असतो, हिरवा ओसरला की दिसायला लागतो. लाल मात्र बहुतेक झाडं जाता जाता नव्याने तयार करतात. आता कुठे गळायची वेळ आली आणि यांना रंगकाम सुचतंय!

"हा नाकवाला कोण?" बाबांनी विचारलं.

रस्त्याच्या नंबराची पाटी होती. इथल्या राज्यरस्त्यांच्या पाट्यांवर 112 वगैरे आकड्यांभोवती एका माणसाच्या चेहऱ्याची बाह्यरेषा असते. कपाळ, नाक, हनुवटी.

"डोंगरावरचा म्हातारा. त्यालाच बघायला चाललोय."

"अस्सं. चढावं लागतं का?"

"नाही. तो पडला. 2003 साली."

बाबा जरा गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे नसलेल्या माणसाला भेटायला एवढं पेट्रोल."

फ्रँकोनिया नॉच नावाच्या खिंडीत, कॅनन माउंटनच्या कड्यावर, प्रोफाइल लेकच्या पाण्यापासून 1200 फूट उंचीवर ग्रॅनाइटचे पाच कंगोरे होते. समोरून बघितलं तर निव्वळ दगड. एका बाजूने, ठरावीक जागेवरून बघितलं तरच 40 फुटी चेहरा. 1805 मध्ये रस्त्याच्या मोजणीला आलेल्या लोकांनी त्याची नोंद केली. मग प्रवासी येऊ लागले आणि पुढे म्हातारा राज्याचं चिन्ह झाला. पण दगडाच्या भेगांत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं आणि भेग रुंदावते. विसाव्या शतकात त्याच्या कपाळाला साखळ्या बांधल्या, भेगांत सिमेंट भरलं, पोलादी सळ्या घातल्या. एका घरातल्या बापाने आणि त्याच्यानंतर मुलाने कड्यावर लोंबकळून वर्षानुवर्षं त्याची डागडुजी केली. मी हे सांगत असताना बाबांचा हात आपल्या गुडघ्यावर गेला. त्यांच्याही गुडघ्यात धातू आहे.

3 मे 2003 ला सकाळी ढग बाजूला झाले, तर चेहरा जागेवर नव्हता. लोकांनी पायथ्याशी फुलं आणून ठेवली. दगडासाठी फुलं! अर्थात हे आपण कुठल्या तोंडाने हसावं? आपल्याकडे दगडाला शेंदूर लावून शेकडो वर्षं उलटतात, कुणी विचारत नाही.

तळ्याकाठी आता पोलादाचे तिरके खांब उभे केले आहेत. प्रत्येक खांबाच्या वरच्या टोकाला वेडेवाकडे उंचवटे आहेत. नुसतं बघितलं तर कुणीतरी काम अर्धवट सोडून गेल्यासारखं वाटतं. जमिनीवर उंचीप्रमाणे पावलांच्या खुणा आहेत. आपल्या उंचीच्या खुणेवर उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि खांबाच्या कडेने कड्याकडे बघायचं. पोलादाचे उंचवटे कड्याच्या रेषेला जाऊन चिकटतात आणि म्हातारा जागेवर येतो. अर्धा इंच डोकं हललं की गेला. मला ही युक्ती फार आवडली. पुतळा उभारला असता तर लोकांनी त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढले असते. इथे बघावंच लागतं.

बाबांना मात्र तो दिसेना. "कुठाय? काही नाही तिकडे."

मी खाली बघितलं. ते आपल्या तरुणपणीच्या उंचीवर उभे होते.

"बाबा, शेजारच्या खुणेवर या जरा."

"पाच आठ आहे मी."

"होतात."

माझ्याकडे एक नजर टाकून ते शेजारच्या पावलांवर सरकले. डोळा मिटला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाक चांगलं आहे."

परतताना मला 302 ने, क्रॉफर्ड नॉचमधून जायचं होतं. तो रस्ता वेगळा आणि देखणा आहे. बाबांना कंकमागसच हवा होता. 302 केंद्राचा रस्ता, त्याच्या पाट्यांवर म्हातारा नाही हे त्यांनी कुठून हेरलं कोण जाणे. मी कारणं देत बसले. त्यांनी गाडीतल्या चिल्लरीतून 25 सेंटचं एक नाणं निवडून काढलं.

"छापा-काटा करू. छापा आला तर कंकमागस."

नाणं उडालं, त्यांच्या तळहातावर पडलं. वर म्हातारा. न्यू हॅम्पशायरचं, 2000 सालचं नाणं.

"चेहरा आहे. म्हणजे छापा," बाबा म्हणाले.

"आणि पलीकडे?"

त्यांनी नाणं उलटं केलं. वॉशिंग्टन.

मी गाडी लिंकनच्या दिशेने वळवली.