अल्टरनेटर नवा, तरी बॅटरी उतरलेली : चार्जिंगचा दोष शोधण्याचा माझा अनुभव

डिझेल पिकअप, दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या. दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ (स्टार्टर मोटर) जड फिरायचा. अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदलून झाला होता, तरी तक्रार तशीच. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागत होता आणि इंजिन सुरू होताच विझत होता, म्हणजे वरवर सगळं ठीक. पण तो दिवा अल्टरनेटर वीज तयार करतोय की नाही एवढंच सांगतो. तयार झालेली वीज बॅटरीपर्यंत किती पोचते, हे त्याला कळत नाही.

सुरुवात मी बॅटऱ्यांपासून केली. समांतर जोडलेल्या बॅटऱ्या एकत्र मोजल्या तर चांगली बॅटरी वाईट बॅटरीला झाकते. म्हणून दोन्ही सुट्या करून रात्रभर ठेवल्या. सकाळी एक १२.४ व्होल्ट, दुसरी १२.१. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या वर दाखवते, म्हणजे दोन्ही अर्धपोटी होत्या. बाहेरच्या चार्जरवर भरून लोड टेस्ट घेतली: सीसीएच्या (थंडीत इंजिन फिरवायला बॅटरी किती करंट देऊ शकते तो आकडा) निम्मा करंट, १५ सेकंद. दोन्ही ९.६ व्होल्टच्या वर टिकल्या, तेव्हा बॅटऱ्या निर्दोष. एक जरी पडली असती, तरी मी जोडीच बदलली असती, कारण जुनी बॅटरी नव्या बॅटरीला सतत खाली ओढते.

मग अल्टरनेटर फिरवणारा पट्टा आणि तो ताणून धरणारा टेन्शनर. पट्ट्यावर घसरल्याची चकाकी नव्हती, पुली हाताने फिरवली तर पट्टा घसरत नव्हता. अल्टरनेटरच्या मागेच व्हॅक्यूम पंप असेल तर तिथे तेल पाझरतंय का तेही बघावं. सील गेलं की इंजिन ऑइल अल्टरनेटरच्या आतल्या कार्बन ब्रशवर आणि स्लिप रिंगवर उतरतं आणि नवा अल्टरनेटरही थोड्याच दिवसांत मान टाकतो. इथे मागची बाजू कोरडी होती.

आता इंजिन सुरू केलं. डिझेलमध्ये इथे घाई महागात पडते. सुरू झाल्यावरही ग्लो प्लग किंवा इनटेक हीटर (थंड इंजिनला ऊब देणारे भाग) काही वेळ करंट खेचत असतो, त्यामुळे मीटरचा आकडा खालीवर होतो आणि अल्टरनेटरवर नाहक संशय येतो. तीन-चार मिनिटं थांबून, सगळे दिवे बंद ठेवून बॅटरीवर मोजलं तर १४.१ व्होल्ट. बरेच जण इथेच थांबतात. मी हेडलाइट आणि ब्लोअर चालू केले, रेझ २,००० आरपीएमवर धरली. क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर) अल्टरनेटरचा करंट ६० अँपिअर आला, आणि बॅटरीवरचा आकडा १३.३ वर उतरला. त्याच क्षणी अल्टरनेटरच्या बी प्लस बोल्टपासून (जिथून त्याची वीज बाहेर पडते) त्याच्याच बॉडीपर्यंत मोजलं: १४.३. अल्टरनेटर आपलं काम चोख करत होता. एक व्होल्ट वाटेत गळत होता.

कुठे, ते शोधायला लोड तसाच चालू ठेवला. बी प्लस बोल्ट ते बॅटरीची प्लस पोस्ट (बॅटरीवरचा शिशाचा खुंट): ०.२ व्होल्ट, चालण्यासारखं. अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीची मायनस पोस्ट: ०.८. ही बाजू ०.१ च्या आसपास हवी. प्रोब नेहमी पोस्टवर टेकवायचा, टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही, नाहीतर त्या दोघांमधला गंज मापातून निसटतो. मग ही वाट तुकड्यातुकड्याने मोजत गेलो. मायनस पोस्ट ते इंजिन ब्लॉक फक्त ०.०५. ब्लॉक ते अल्टरनेटरची बॉडी ०.७५!

बॅटरीच्या दोन्ही मायनस केबल काढून, अल्टरनेटर ज्यावर बसतो ते ब्रॅकेट काढल्यावर कारण समोर आलं: ब्रॅकेट आणि ब्लॉक जिथे टेकतात तिथे रंगाचा जाड थर, बोल्टांच्या भोकांभोवती गंज. अल्टरनेटर कितीही वेळा बदला, हा सांधा तसाच राहणार. ओहमच्या रेंजवर हे सापडत नाही. ६० अँपिअरला ०.८ व्होल्ट म्हणजे जेमतेम ०.०१३ ओहम, साध्या मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त असतो. म्हणून ड्रॉप (वाटेत गळणारं व्होल्टेज) नेहमी करंट वाहत असतानाच मोजावा. सेल्फचा करंट या सांध्यातून जात नाही, त्यामुळे भरलेल्या बॅटऱ्यांवर सेल्फ झटक्यात फिरायचा आणि अर्थिंगवर कोणाचा संशयच जायचा नाही.

ब्रॅकेट आणि ब्लॉकच्या टेकणाऱ्या जागा तारेच्या ब्रशने चकचकीत धातूपर्यंत घासल्या, आणि अल्टरनेटरच्या बॉडीपासून ब्लॉकपर्यंत १६ चौरस मिलिमीटरची वेगळी अर्थ वायर टाकली. लग (वायरीच्या टोकाच्या रिंगा) नीट क्रिम्प केले, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावलं. (इंजिन चालू असताना बॅटरी काढून अल्टरनेटर तपासणं कृपया करू नका, व्होल्टेजची उसळी अल्टरनेटरचे डायोड आणि ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, दोन्ही घेऊन जाऊ शकते.)

पुन्हा ६० अँपिअरवर: ब्लॉक ते बॉडी ०.०६, बॅटरीवर १४.० व्होल्ट. एसी रेंजवर रिपल (डायोडांनी एसीचं डीसी केल्यावरही उरलेला एसीचा अंश) ०.०४ व्होल्ट, ०.५ च्या वर गेला असता तर डायोड संशयित.

शेवटी गाडी उभी असतानाचा ड्रेन, म्हणजे बंद गाडीही बॅटरीतून खेचत राहते तो करंट. दोन बॅटऱ्या असल्या की दोन्ही मायनस काढून मीटर एकाच बॅटरीच्या मायनसमध्ये लावायचा, नाहीतर करंट दुसरीकडून निघून जातो आणि मीटर निम्मंच सांगतो. दारं लॉक करून ४० मिनिटांनी ३० मिलिअँपिअर, म्हणजे ५० च्या मर्यादेत. दोन दिवस उभ्या ठेवलेल्या गाडीच्या दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून मोजल्या तेव्हा एक १२.६, दुसरीही १२.६.