४६ मीटर दोरी

मुलांना प्राचीन जीवसृष्टी कळावी म्हणून मी आधी पत्त्यांचा खेळ बनवला. प्रत्येक पत्त्यावर एक प्राणी आणि त्याचं वजन. ज्याचा आकडा मोठा, त्याचा डाव. मुलं रंगून खेळली. दोन आठवड्यांनी एका मुलीनं विचारलं, "स्टेगोसॉरस आणि टायरॅनोसॉरस लढायचे तेव्हा कोण जिंकायचं?" मी हादरलेच. हा गैरसमज माझ्याच खेळानं तिच्या डोक्यात घातला होता. स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टायरॅनोसॉरस ६.८ ते ६.६ कोटी. काळाच्या हिशेबात टायरॅनोसॉरस आपल्याला जास्त जवळचा!

मग वजनं खोडली आणि ४६ मीटर दोरी आणली. पृथ्वीचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं, म्हणजे १ मीटरला १० कोटी, १ सेंटिमीटरला १० लाख. गटानं आपसात ठरवून पत्ता चिमट्यानं दोरीला लावायचा, मी टेपनं मोजून खरी जागा दाखवायची. ज्यांची चूक सर्वांत कमी, ते जिंकले.

सगळ्या गटांनी डायनासोर दोरीच्या मधोमध लावले. खरी जागा आजच्या टोकापासून २.३ मीटरवर सुरू होते आणि पक्षी सोडले तर ६६ सेंटिमीटरवर संपते. डायमेट्रोडॉनवरून तर भांडणच झालं. पाठीवर शीड असलेला तो प्राणी डायनासोरच, असं एक मुलगा हट्टानं सांगत होता. टेप २.८ मीटरच्या आसपास थांबली, म्हणजे पहिल्या डायनासोरच्याही अलीकडे नाही, पलीकडे. तो सस्तन प्राण्यांच्या गोतावळ्यातला, हे त्यानं मग शांतपणे ऐकून घेतलं. नुसतं सांगितलं असतं तर ऐकलं नसतं, असं मला मनापासून वाटतं. ट्रायलोबाइट, म्हणजे समुद्रातले कवचवाले प्राचीन प्राणी, ५.२ मीटरवर लागले आणि माझे पत्ते संपले.

"उरलेल्या दोरीवर काहीच नव्हतं?" त्याच मुलीनं विचारलं.

होतं की. मीच मोठ्या प्राण्यांच्या नादात सूक्ष्मजीवांना वगळलं होतं. पुढच्या वेळी स्ट्रोमॅटोलाइटचा पत्ता केला: सूक्ष्मजीवांच्या थरांवर गाळ साचत साचत बनलेला पट्ट्यापट्ट्यांचा दगड. तो मी तिच्याच हातात दिला. ती ट्रायलोबाइटपाशी थांबली, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ती दोरीच्या कडेनं चालत निघाली, बाकीचे "अजून पुढे, अजून पुढे" ओरडत मागे, थेट ३५ मीटरपर्यंत.