असईचा डाव

ऐतिहासिक लढायांचे पटावरचे खेळ तयार करणाऱ्या मुंबईतील एका लहानशा कंपनीत सिनॅरिओ, म्हणजे एकेका लढाईच्या डावाची मांडणी आणि नियम, रचणे हे माझे काम आहे. असईच्या लढाईचा सिनॅरिओ दादरच्या आमच्या कार्यालयात चाचणीला लावला, तो शनिवार माझ्या चांगलाच लक्षात राहिला आहे.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात झालेली ही लढाई आकड्यांवरून पाहिली तर एकतर्फी वाटते. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीचे प्रत्यक्ष झुंजलेले कवायती सैन्य सुमारे ४,५०० होते. समोर दौलतराव शिंद्यांचे, त्यांच्या पदरच्या पोलमन या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखालचे दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि शिवाय शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचे अफाट घोडदळ होते. तरीही जिंकला वेलस्ली. (पेशव्यांचे काही स्वारही त्याच्याच बाजूला होते, हे सांगितल्यावर खेळाडूंचे चेहरे पाहण्यासारखे होतात.)

शिंद्यांच्या बाजूने बसलेल्या आमच्या एका मुरलेल्या खेळाडूने पहिल्याच पाळीला केळणेच्या उताराशी, म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशा उथळ जागेशी, दोन पलटणी आणि तोफा आणून ठेवल्या. वेलस्लीला नदी ओलांडताच येईना आणि डाव तासाभरात आटोपला. “दादा, उतार नकाशावर दिसतोय, मग मी तो मोकळा कशाला सोडू?” हा त्याचा सवाल बिनतोड होता. प्रत्यक्षात उतार नाही असेच वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले होते. दोन काठांवर समोरासमोर वसलेली गावे पाहून, त्यांच्यात ये-जा असणारच आणि म्हणजे उतारही असणारच, असा तर्क त्याने स्वतः केला.

समतोलासाठी तोफा निम्म्या कराव्यात, अशी सूचना लगेच वरून आली. मी ती मानली नाही. इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, म्हणजे झुंजलेल्यांपैकी एक-तृतीयांशाहून थोडे अधिक, आणि ते प्रामुख्याने याच तोफांमुळे. त्या कमी केल्यावर जे उरते ते असई नव्हे.

त्याऐवजी मी डावाची सुरुवातच पुढे सरकवली आणि वेलस्ली नदी उतरून आला आहे इथपासून खेळ सुरू केला. पोलमनने आपली फळी काटकोनात वळवून दोन नद्यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात उभी केली होती. त्या पट्ट्यात एका वेळी मोजक्याच पलटणी समोरासमोर येऊ शकतात, त्यामुळे नकाशा नीट काढला तर संख्याबळ आपोआप बोथट होते. लढाईत फारसे न उतरलेले मराठ्यांचे घोडदळ फासा अनुकूल पडल्याखेरीज हलणार नाही असे ठरवले, आणि इंग्रजांची उजवी बगल मूळ बेत सोडून असई गावाकडे भरकटली होती, म्हणून तिला पहिल्या पाळ्यांत खेळाडूच्या हुकुमाबाहेर ठेवले. इंग्रजांच्या बाजूने खेळणाऱ्या मुलीला हे अजिबात रुचले नाही. “माझीच माणसं माझं ऐकत नाहीत?” असे ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

सर्वात जास्त वेळ गेला तो गोलंदाजांच्या नियमावर. इंग्रज फळी पुढे निघून गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून तोफा डागल्या. म्हणून जिंकलेल्या तोफखान्याची सोंगटी पटावरून न उचलता पालथी ठेवायची आणि तिच्यावर पहाऱ्याला पलटण नसेल तर दर पाळीला फासा टाकायचा, असे ठरले. पहाऱ्याला पलटण ठेवली की हल्ल्याचे बळ तेवढे घटते. समतोल मला हवा होता तो इथे सापडला.

संध्याकाळच्या डावात मैदान वेलस्लीकडे गेले, पण नियमात ठरवलेल्या एक-तृतीयांशाच्या मर्यादेहून अधिक सैन्य गमावल्याने गुणांवर शिंदे जिंकले. “तोफा सगळ्या माझ्याकडे आणि जिंकला हा?” असे म्हणून ती मुलगी नियमपुस्तिका उघडून बसली. नुकसानीची ती मर्यादा थोडी वर न्यावी असा तिचा आग्रह होता. पण वेलस्लीने स्वतः मोजलेली किंमत जवळपास तेवढीच असल्यामुळे मी ती तशीच ठेवून पुस्तिका छपाईला पाठवली.