तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्बिनेशन घेऊ की वेगवेगळी मशीनं?

सुतारकामाचा नवीन धंदा टाकणारा प्रत्येक पोरगा मला हेच विचारतो. दादा, कॉम्बिनेशन मशीन घेऊ, की रंधा, करवत, ड्रिल वेगवेगळं? मी 'जागा बघून ठरव' म्हणतो आणि फोन ठेवतो. मग लोक म्हणतात, हा धंद्यातलं सांगत नाही. तसं नाहीये. आज सांगतो.

11 वर्षं मी कॉम्बिनेशनवर काढली. कुडाळला 10 बाय 20 चा गाळा, सिंगल फेज, 2 एचपीची मोटर. एकच शाफ्ट, मधे 12 इंची रंधा, म्हणजे फळी तासायची फिरती पाती, एका टोकाला गोल करवत, दुसऱ्या टोकाला ड्रिल. 8 फुटी फळी चिरायची तर करवतीच्या अलीकडे 8 फूट लागतात आणि पलीकडे 8. तीन मशीनं मांडायची कुठे? त्या मशीनला नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडलोय. आमचं घर त्याच्यावर चाललंय. पट्टा बदलायला नको, सगळं एकदम फिरतं, हे मी कौतुकाने सांगायचो.

सगळं एकदम फिरतं, हेच.

गणपतीच्या आधीचा आठवडा होता. फणसाचे चौरंग, सात ऑर्डरी. मी करवतीवर फळी चिरत होतो, भाचा पलीकडून ओढून घेत होता. रंध्याचं कव्हर मीच काढून ठेवलं होतं, रुंद फळीला आड येतं म्हणून. चिरलेली फट मधेच मिटली, फळी पात्याला आवळली आणि उलटी माझ्याकडे उसळली. भाच्याच्या हातातून सुटली, त्याचा तोल गेला आणि आधाराला त्याने शेजारच्या टेबलावर हात टेकला. रंध्यावर. मोटरचा आवाजसुद्धा बदलला नाही. तो ओरडला नाही. "मामा, मशीन बंद करा," एवढंच म्हणाला. बटण करवतीच्या बाजूला, खाली. ते दाबलं तरी शाफ्ट फिरतच राहिला, थांबेथांबेपर्यंत मी नुसता बघत उभा. खाली फणसाच्या पिवळ्याधमक ढलप्या, आणि त्यांच्यावर रक्त. मधलं बोट दोन पेरं गेलं. ताईने मला आजपर्यंत एक शब्द विचारलेला नाही.

चूक माझी. कव्हर मी काढलं. आधीचा मी असतो तर म्हणालो असतो, वेगळ्या रंध्याचं कव्हर काढलं असतं तरी बोट गेलंच असतं. खरंय. पण वेगळा रंधा त्या क्षणाला बंद असता. याच्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

आणि एकत्र मशीन म्हणजे वाईटच, असंही नाही. ऑस्ट्रियाच्या फेल्डरच्या कॉम्बिनेशनला करवत, रंधा, स्पिंडल (फळीच्या कडेला खाच-नक्षी काढणारं) यांच्या मोटरी वेगळ्या असतात. आपल्याकडे परवडतं ते एका शाफ्टचं. म्हणून घ्यायचंच असेल तर एवढंच बघा: करवत चालू असताना रंधा थांबलेला राहतो का?

मी पुढे थ्री फेज घेतलं, शेजारचा गाळा भाड्याने घेतला, तिन्ही मशीनं वेगळी केली. रंध्याची फेन्स, म्हणजे फळी टेकवायची उभी पट्टी, एकदा गुण्याने काटकोनात लावली की हलत नाही, हे सुख मोठं आहे. पण हप्ते अजून चालू आहेत, आणि पावसाळ्यात दोन मशीनं नुसती उभी असतात. तुम्हाला हे झेपेल का, मी कसं सांगू?

जुनं मशीन मी विकलं. कणकवलीकडच्या एका पोराला, 8 बाय 12 च्या पडवीत काम करणाऱ्या. विकायला नको होतं असं रात्री वाटतं, सकाळी वाटतं त्याने दुसरं कुठूनतरी घेतलंच असतं. देताना रंध्यावर सागवानी झाकण करून दिलं, दोन बोल्टांचं. गेल्या महिन्यात सहज गेलो तर झाकण माळ्यावर. "दादा, सारखं काढ-घाल करायला वेळ कुठे मिळतो?" मी झाकण उतरवलं, बसवलं, दोन्ही बोल्ट पान्याने आवळले. तो शेजारी फळी धरून उभा होता, मी कधी निघतो याची वाट बघत.